गोपाळबाबा वलंगकर : स्वतःचे वर्तमानपत्र नसलेला पत्रकार

आमच्या रत्नागिरीला आपल्या पत्रकारांचा अभिमान आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, ते गाव आज सिंधुदुर्गात असले तरी १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होते. टिळकांचा तर जन्मच रत्नागिरीचा. वर्गात मुले ही दोन नावे घडाघडा सांगतात. दापोलीचे तिसरे नाव मात्र मलाच सांगावे लागते, आणि ते आमच्या वस्तीतल्या मुलांनाही नवे असते.

गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे. गावच्या शाळेची पायरी महारांना बंद असताना त्यांच्या हाती लेखणी आली ती पलटणीमुळे. इंग्रजांनी शिपायांना अक्षरओळख दिली ती स्वतःच्या सोयीसाठी, उपकार म्हणून नव्हे. पण अक्षर एकदा हाती आले की ते देणाऱ्याच्या हुकमात राहत नाही. १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. पेन्शनर शिपायांची तिथे वस्तीच होती. पुढे सुभेदार रामजी आंबेडकरही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले.

वलंगकरांवर जोतीरावांच्या विचारांचा संस्कार होता. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचे पत्र. भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात काढले आणि १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईतून चालविले. त्यात वलंगकर लिहीत. आगरकरांच्या ‘सुधारका’तही त्यांनी लिहिले. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका आली. तिची रचना मला फार महत्त्वाची वाटते. वलंगकर तिथे गाऱ्हाणे मांडत बसत नाहीत. अस्पृश्यता कोठून आली, तिला आधार कोणता, असे प्रश्न ते थेट सवर्णांना विचारतात. गाऱ्हाण्यावर दया दाखवून मोकळे होता येते. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, नाहीतर गप्प राहिल्याचे सर्वांना दिसते. पत्रकाराचे काम याहून वेगळे ते काय?

१८९० नंतरच्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. याचा अर्थ केवळ नोकरी गेली एवढाच नव्हता. पगार गेला, पेन्शन गेली, पलटणीची शाळा गेली. वलंगकरांना ज्या दाराने लेखणी मिळाली, ते दारच पुढच्या पिढीला बंद झाले. म्हणूनच ‘अनार्य दोष परिहारक मंडळा’च्या वतीने त्यांनी सरकारकडे अर्ज करण्याची खटपट केली. मंडळाच्या नावातला ‘दोष’ हा शब्द आज आपल्याला खटकतो, आणि खटकावा. त्या काळी मात्र आपल्या लोकांना एकत्र बोलावण्यासाठी हाताशी असलेली भाषा तीच होती.

वलंगकर लिहीत राहिले ते दुसऱ्यांच्या स्तंभांतून. ‘दीनबंधू’सारखी पत्रे होती म्हणून त्यांचे लेखन छापून आले, पण जागा किती द्यायची हे संपादकाच्या हाती होते. १९०० साली ते वारले. शिवराम जानबा कांबळे यांचे ‘सोमवंशीय मित्र’ निघायला १९०८ साल उजाडले, आणि बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला होता.