उतारवयाचे आरोग्य (लेखांक सहावा) : धास्तीचा अंमल

गेल्या आठवड्यात रक्तदाबाचे विवेचन झाले. वर्षानुवर्षे मनावर राहणारा ताण देहाला अकाली जीर्ण कसा करतो, हे आता पाहावयाचे असून त्यासाठी महाड-पोलादपूरचा मुलूख मी बुद्ध्याच निवडला आहे.

लाल विंचवाच्या दंशाने दरदरून घाम सुटलेले, हातपाय गार पडलेले, फुप्फुसांत पाणी साचून धापा टाकणारे रुग्ण महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वर्षानुवर्षे पाहिले. आणि ही दुर्दशा विषाने उसळवलेल्या अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांमुळे ओढवते हे ओळखून प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी योजिली, जिचा वृत्तांत १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जिने असंख्य प्राण वाचवले. हीच द्रव्ये भीतीनेही स्रवतात, आणि विंचवाचे दुखणे दोन-चार दिवसांत निकालात निघते, तसे धास्तीचे निघत नाही.

जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे, तसेच पोलादपुरात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. जिच्या घरांमागे तसाच डोंगर उभा आहे, अशा वाडीतली सत्तरीची बाई आषाढातल्या रात्री दोनदा उठून, बॅटरीच्या उजेडात परसातल्या वहाळाचे पाणी गढूळ झाले की काय ते पाहते, मुंबईच्या मुलाचा फोन लागत नाही म्हणून जागीच राहते, आणि पहाटे मशेरी लावून चुलीपुढे बसते. कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य सकाळी चढावे व रात्री उतरावे असा देहाचा शिरस्ता. सततच्या जागरूकतेने तो मोडला की रक्तातील साखर व रक्तदाब वाढतात, स्नायू झिजतात, स्मरण मंदावते. दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या मातांच्या पेशींत, रंगसूत्रांच्या टोकांची झीज शुश्रूषेच्या वर्षांबरोबर अधिक आढळते, असे एलिसा एपेल व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी २००४ मध्ये दाखवले.

लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून ज्याचा अभ्यास चालला आहे, तो प्राणायाम येथे उपयोगी आहे : श्वास संथ करून उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती उतरते. मशेरी मात्र सोडलीच पाहिजे, कारण तंबाखूतील निकोटीन स्वतःच अ‍ॅड्रेनालिन उसळवते. तथापि सैल डोंगराखाली निजणाऱ्या माणसाला केवळ श्वासाचा उपदेश करून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. अनिश्चितता हेच येथले मूळ दुखणे असल्याने अर्धे औषध कचेरीच्या दप्तरात आहे : डोंगराच्या पाहणीचा निष्कर्ष गावकीपुढे सोप्या भाषेत वाचून दाखवावा, आणि कोणत्या घराने कोठे व केव्हा हलावयाचे याची लेखी तजवीज पावसाआधी व्हावी. घरानेही ज्येष्ठातच सातबारा, रेशनकार्ड व महिनाभराच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाव्यात, आणि एकट्या म्हाताऱ्यांना रात्री सोबतीला कोण जाणार ते नावानिशी ठरवावे. ठरलेल्या गोष्टीची काळजी मेंदू पुन्हा पुन्हा करीत बसत नाही. रक्तदाब मृगाआधी एकदा व गणपतीनंतर एकदा आशाताईंकडून मोजून घ्यावा, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावेत.