तीन हातांची जुगलबंदी

अर्धांगवायूच्या रुग्णाचे नातेवाईक मला पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, हात पहिल्यासारखा होईल ना?" प्रश्न रास्त आहे. पण जो हात चांगला आहे, त्याने काय काय करता येईल, हे सहसा कोणी विचारत नाही. अशा वेळी मी त्यांना एका इंग्रज दांपत्याची हकिगत सांगतो.

सिरिल स्मिथ हे इंग्लंडमधील नामवंत पियानोवादक. पत्नी फिलिस सेलिक याही तितक्याच निष्णात. १९५६ साली सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर सिरिल यांना झटका आला आणि डावा हात कायमचा निकामी झाला. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. परंतु पतिपत्नींनी धीर सोडला नाही. चार हातांच्या रचना तीन हातांसाठी नव्याने बसवून दोघे पुन्हा मैफलीत उतरले. १९६९ साली संगीतकार माल्कम अर्नोल्ड यांनी खास या दोघांसाठी दोन पियानो, तीन हात आणि पूर्ण वाद्यवृंद अशी रचना लिहिली. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात दोघांनी ती वाजवली. हळहळ करणारे पुष्कळ भेटतात. अर्नोल्ड यांनी मात्र त्यांच्या हाती तोलामोलाचे काम दिले.

मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर ताबा ठेवतो. तिथला रक्तपुरवठा खंडित झाला की डावा हातपाय लुळा पडतो. वाचकहो, अचानक तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर मालीश आणि झाडपाल्यात वेळ दवडू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते कोणाला द्यायचे, हे डॉक्टर तपासून ठरवतात.

पुढे व्यायाम नेटाने चालू ठेवावा, सांधे आखडू देऊ नयेत, रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. आणि रुग्णाला "तुम्ही नुसते पडून राहा" असे म्हणू नये. भाजी निवडणे, दुकानाचा हिशेब तपासणे, नातवंडांचे पाढे घेणे, जे झेपेल ते काम त्याच्याकडे सोपवावे. वेळ लागेल, सांडलवंड होईल, ती होऊ द्यावी. घरात आपली गरज आहे, एवढे कळले तरी माणूस उद्याचा व्यायाम करायला आपण होऊन उठतो.