फासे टाकण्याआधी



लुडो घरोघरी असतो, पण दोन घरांतला लुडो सारखा नसतो. कुठे सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, कुठे एकावरही सुटते. लागोपाठ तीन सहा पडले, तर कुठे डाव जातो, कुठे चालू राहतो. म्हणून दुसऱ्याकडे खेळायला बसलं की आपण आधी विचारतो, "तुमच्याकडे कसं खेळता?" आज ज्या खेळाबद्दल सांगणार आहे, त्यात हा प्रश्न विचारला नाही, तर सोंगटी नाही, मैत्रीण जाते.

या खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मोठ्यांची भातुकली म्हणा ना! १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून आला आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. चार-पाच जणी एकेक पात्र होतात. एक जण सूत्रधार होते. ती प्रसंग सांगते आणि विचारते, "आता तू काय करतेस?" जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. अशी गोष्ट दर आठवड्याला थोडी थोडी, महिनोन् महिने चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. आता हे व्हिडिओ कॉलवरही खेळतात, नकाशा आणि फासे स्क्रीनवरच मिळतात. त्यामुळे विरारची, नायगावची आणि लग्न होऊन मस्कतला गेलेली, अशा तिघी एका डावात बसू शकतात.

पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. २०२३च्या जानेवारीत या खेळाचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना मोफत खुले झाले. ते इंग्रजीत आहेत, पण खेळ मराठीतच खेळायचा.

आधी पात्र. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि इतरांवर पडणारी छाप. नवख्यांसाठी सोपी वाट म्हणजे १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे आकडे घ्यायचे आणि आपल्या मर्जीने सहा गुणांना वाटायचे. दहाला फाशात काही मिळवायचं नाही. बाराला एक, चौदाला दोन मिळवायचे. आठ असतील तर एक वजा. चपळाई १५ असेल तर तिचेही दोनच. समजा, एका होडीतून दुसरीत उडी मारायची आहे आणि सूत्रधार म्हणाली की १५ हवेत. फाशात १३ पडले, चपळाईचे २ मिळाले, झाली उडी! १२ पडले असते तर पाण्यात.

पण आकड्यांनी पात्र उभं राहत नाही. गोष्ट आपल्याच सोपाऱ्यात घडवू या. आजचा नालासोपारा हे एकेकाळचं मोठं बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच सापडला. त्या बंदरात आपलं पात्र म्हणजे होड्या बांधणाऱ्या सुताराची मुलगी. तिच्याबद्दल तीन वाक्यं लिहा. तिला काय हवंय? समुद्रावर गेलेला भाऊ शोधायचाय. तिला कशाची भीती वाटते? रात्रीच्या पाण्याची. आणि ती या बाकीच्यांबरोबर का राहील? कारण भावाला शेवटचं पाहिलं ते त्यांच्यातल्या एकीने. तिसरं वाक्य कधी सोडू नका. "माझं पात्र एकटंच फिरतं, कुणाशी बोलत नाही," असं ठरवलंत, तर दुसऱ्याच बैठकीत बाकीच्यांना तुमच्यासाठी थांबावं लागेल.

आता घरचे नियम. ते ठरवायला खेळाआधी एक वेगळी बैठक ठेवतात. खेळणाऱ्यांत तिला 'सेशन झिरो' म्हणतात. भिशीचे नियम आपण पहिला नंबर काढण्याआधी ठरवतो, भांडण झाल्यावर नाही. तसंच हे.

पहिला नियम वेळेचा. मस्कत आपल्या दीड तास मागे आहे. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे आठ, म्हणजे कदाचित तिच्या स्वयंपाकाची वेळ. तिला विचारून ठरवा. संपायची वेळही ठरवा, पहाटेची लोकल पकडणारीला ती सुरुवातीपेक्षा महत्त्वाची. पाचपैकी तिघी आल्या तर खेळायचं का? न आलेलीचं पात्र कुठे जाईल? ते धर्मशाळेत झोपलंय म्हणा, पण तिच्या मागे त्याला मारू नका.

दुसरा फाशांचा. स्क्रीनवरचा फासा सगळ्यांना दिसेल असा टाकायचा की घरचा चालेल? पात्र मरू शकतं का? मेलं तर त्या मैत्रिणीने पुढे काय करायचं?

तिसरा नियम गोष्टीत काय नको याचा. दोन याद्या करा. एक 'अजिबात नको', दुसरी 'पडद्याआड चालेल'. जातीवरून टोमणे, बाईवरचा अत्याचार, लहान मुलाचं मरण, जिला जे नको ते तिने सूत्रधाराला एकटीला कळवावं. का, ते कुणी विचारायचं नाही. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, तिला कारण सांगायला लावणं हाच छळ आहे. आणि खेळता खेळता एखादा प्रसंग नकोसा झाला, तर चॅटमध्ये फुली टाकायची. फुली दिसली की गोष्ट तिथून वळवायची. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी सुचवलेल्या या युक्तीला एक्स-कार्ड म्हणतात.

चौथा: रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉट नाही, आणि सगळ्यांचा होकार असल्याशिवाय नवं माणूस कॉलवर नाही.

एवढं लिहून कशाला ठेवायचं? समोरासमोर बसलो की मैत्रिणीचा चेहरा पडलेला दिसतो. कॉलवर कॅमेरा बंद असतो, आवाज अडकतो. आपल्या बायका रागावून उठूनही जात नाहीत. "नेट गेलं गं," म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत. मग सगळ्यांना वाटतं, तिला खेळ आवडला नसेल. आधी दोन ओळी ठरल्या असत्या तर ती थांबली असती.

मुलं असं काही खेळत असतील, तर "बंद कर ते," म्हणण्याआधी विचारा: सूत्रधार कोण आहे? ओळखीचा आहे का? तुमचे नियम काय ठरलेत? नको असेल तेव्हा थांबवता येतं का? नीट उत्तरं आली तर खेळू द्या. मूल गप्प झालं तर शेजारी बसून त्याच्याबरोबर नियम लिहून काढा.

आणि तुम्हाला स्वतःला खेळायचं असेल, तर आठवड्यातले ते दोन तास तुमचे, हा नियम घरातल्या मंडळींनाही आधीच सांगून ठेवा.