वयाला न जुमानणारा गळा : मिसोरा हिबारी

युद्ध हरलेल्या जपानमध्ये 1946 साली एनएचके रेडिओने हौशी गायकांची स्पर्धा सुरू केली. योकोहामाच्या एका मासळीविक्रेत्याची नऊ वर्षांची मुलगी तिथे ‘सफरचंदाचे गाणे’ गायली. हे गाणे त्या वर्षी देशभर ज्याच्यात्याच्या तोंडी होते. मुलगी सुराला पक्की होती, तरीही परीक्षकांनी तिला डावलले. पोर मोठ्यांची गाणी थेट मोठ्यांसारखी गाते, हेच त्यांना खटकले. त्या मुलीचे नाव काझुए कातो. पुढे मिसोरा हिबारी या नावाने तिने चार दशके जपानी गाणे गाजवले आणि पडदाही. गळा वयाशी जुळत नाही ही तक्रार मात्र तिच्या मागे लागली ती लागलीच, आणि तिची सगळी कारकीर्द या न जुळण्यावरच उभी राहिली.

हिबारीचा जन्म 29 मे 1937 चा, योकोहामाच्या इसोगो भागातला. 1943 मध्ये वडील युद्धावर निघाले तेव्हा निरोपाला ती गायली आणि जमलेल्यांचे डोळे भरून आले. या पोरीच्या गळ्यात काय आहे हे आई किमिए हिने तेव्हाच ओळखले. युद्धानंतर आईने वादक जमवले, कार्यक्रम ठरवले आणि अखेरपर्यंत मुलीची सगळी सूत्रे हाती ठेवली. बूगी-वूगीची सम्राज्ञी शिझुको कासागी हिची गाणी ही चिमुरडी अशी हुबेहूब गाई, की लोक तिला ‘बेबी कासागी’ म्हणू लागले. कवी हाचिरो सातो यांनी मात्र मोठ्यांची नक्कल करणाऱ्या या मुलीवर वर्तमानपत्रातून सडकून टीका केली. गंमत अशी, की रेडिओवर तिने गायलेले ‘सफरचंदाचे गाणे’ सातोंनीच लिहिले होते.

या टीकेचा प्रेक्षकांवर काही परिणाम झाला नाही. 1949 मध्ये शोचिकू कंपनीचा ‘कानाशिकी कुचिबुए’ हा चित्रपट आला. त्यात बारा वर्षांची हिबारी युद्धात अनाथ झालेली मुलगी आहे. सैन्यातून परतलेला तिचा भाऊ बहिणीला शोधतो आहे आणि त्याने रचलेले गाणेच दोघांची गाठ घालून देते. उंच हॅट आणि पुरुषी कोट घालून गाणारी ती चिमुकली मूर्ती युद्धोत्तर जपानच्या स्मरणात कायमची राहिली. रस्त्यांवर खरोखरची अनाथ मुले भटकत होती, त्यामुळे लहान वयात मोठे झालेले ते पोर प्रेक्षकांना ओळखीचे वाटले.

गाणे आणि चित्रपट यांचा व्यापार तेव्हा जोडीने चाले. तबकडी आणि चित्रपट एकाच नावाने बाजारात यायचे आणि एकमेकांना खपवायचे. 1950 चा ‘टोकियो किड’ असाच. 1952 चे ‘रिंगो ओइवाके’ हे गाणे आधी रेडिओ-नाटकात आले, मग त्याच कथेवर चित्रपट निघाला. हिंदी चित्रपटांत त्याच सुमारास पार्श्वगायनाने चेहरा आणि गळा वेगळे केले होते. हिबारीच्या बाबतीत ही फारकत झालीच नाही. म्हणून ‘जपानची लता’ म्हणून मोकळे होता येत नाही. तिची जातकुळी पडद्यावर स्वतःच गाणाऱ्या सुरैयाशी अधिक जुळते.

1955 च्या ‘जानकेन मुसुमे’ या रंगीत संगीतपटात चिएमी एरी आणि इझुमी युकिमुरा या गायिका तिच्यासोबत आल्या. तिघींचे जन्मसाल 1937. ‘तीन मुली’ म्हणून हे त्रिकूट प्रचंड लोकप्रिय झाले. प्रसिद्धीची काळी बाजूही लवकरच दिसली. जानेवारी 1957 मध्ये आसाकुसाच्या नाट्यगृहात तिच्याच वयाच्या एका चाहतीने तिच्या चेहऱ्यावर आम्ल फेकले. सुदैवाने कायमचे व्रण राहिले नाहीत.

पुढच्या वर्षी ती तोएई कंपनीत गेली. इथे तिने तलवारबाजीच्या ऐतिहासिक चित्रपटांत पुरुषवेशातल्या भूमिका रंगवल्या. जपानी चित्रपटगृहांचा तो सुवर्णकाळ होता. 1958 साली देशात 112 कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. मग घरोघर टीव्ही आला आणि 1963 पर्यंत हा आकडा निम्म्याच्याही खाली घसरला. वाऱ्याची दिशा ओळखून हिबारी 1964 पासून शिंजुकूच्या कोमा नाट्यगृहात स्वतःच्या मंडळीसह नाटक-गाण्यांचे प्रयोग करू लागली. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला, आणि मासाओ कोगा यांनी संगीत दिलेले तिचे ज्युदोवरचे ‘यावारा’ तुफान गाजले. 1965 चा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच मिळाला. दारूच्या प्याल्याशी एकटीने बसलेल्या बाईचे ‘कानाशी साके’ 1966 चे. लगेच दुसऱ्या वर्षी तीच हिबारी मिनीस्कर्टमध्ये, तरुणांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या बँडबरोबर ‘माक्का ना ताइयो’ गात होती.

घरचे आयुष्य मात्र विस्कटत गेले. नट-गायक अकिरा कोबायाशी याच्याशी 1962 मध्ये केलेला संसार दोन वर्षांत मोडला. त्या काळी करमणूक व्यवसायावर गुन्हेगारी टोळ्यांची पकड होती आणि यामागुची-गुमी टोळीचा म्होरक्या काझुओ ताओका हा हिबारीचा आश्रयदाता होता. 1973 मध्ये तिच्या भावाच्या अटकेनंतर हे संबंध वादात सापडले. सार्वजनिक सभागृहे तिला नाकारू लागली. वर्षअखेरीच्या एनएचकेच्या ‘कोहाकु’ या मानाच्या कार्यक्रमातून ती वगळली गेली. 1981 मध्ये आई गेली, पुढच्या पाच वर्षांत दोन्ही भाऊ गेले.

1987 मध्ये यकृत आणि मांडीच्या हाडांच्या विकाराने ती फुकुओकाच्या इस्पितळात पडली. 11 एप्रिल 1988 रोजी नव्या टोकियो डोममध्ये सुमारे पन्नास हजार श्रोत्यांपुढे ती उभी राहिली आणि जवळपास चाळीस गाणी गायली. पायांत असह्य वेदना होत्या. यासुशी अकिमोतो यांनी लिहिलेले ‘कावा नो नागारे नो यो नी’ जानेवारी 1989 मध्ये निघाले, सम्राट हिरोहितो यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांनी. त्याच वर्षी 24 जूनला, बावन्नाव्या वर्षी, हिबारी गेली. पंतप्रधानांकडून दिला जाणारा ‘लोकसन्मान’ मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, पण मरणोत्तर.

तीस वर्षांनी, 2019 च्या कोहाकुत, जुन्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेल्या यामाहाच्या यंत्राने तिच्या आवाजात नवे गाणे गायले. काहींचे डोळे पाणावले. गायक तात्सुरो यामाशिता यांनी मात्र या प्रकाराला विटंबना म्हटले.

तिचा खरा आवाज ऐकायचा तर ‘रिंगो ओइवाके’पासून सुरुवात करावी. खर्जातून सटकन फॉल्सेटोत जाणारी तिची तान त्यात ठळक ऐकू येते. मग 1965 चा जॅझ संग्रह लावावा. नॅट किंग कोल यांना आदरांजली म्हणून गायलेली ही गाणी ऐकली, की तिला फक्त ‘एन्का’ या जपानी गीतप्रकाराची राणी म्हणणे किती तोकडे आहे ते आपोआप कळते.