हवेच्या बंदुकीचें नळकांडें भरतांना



पाण्याखालीं बुडी मारणाऱ्याची हवेची टाकी आणि नेमबाजाची हवेची बंदूक यांचा संबंध काय, असें आपणांपैकीं कोणीही विचारील. परंतु हा संबंध आतां आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोंचला आहे. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं दहा मीटर हवाई रायफलीचें सुवर्णपदक मिळविलें. २०२२ सालीं ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील याच प्रकारांत जगज्जेते झाले. शहरांतील पुष्कळ मुलें-मुली आज हा खेळ खेळत आहेत. त्यांच्या बंदुकीच्या नळीखालीं जें लहानसें नळकांडें असतें, त्यांत बहुधा २०० बार दाबाची हवा भरावी लागते, आणि ती अनेक वेळां पाणबुड्याच्या टाकींतून घेतात. हें काम नीट समजून घेतल्यावांचून कोणीं करूं नये व मुलांच्या हातीं तर मुळींच देऊं नये, एवढ्यासाठीं आजचें हें भाषण आहे.

प्रथम २०० बार म्हणजे काय तें पाहूं. आपल्या सभोंवतालच्या हवेचा दाब सुमारें एक बार असतो. मोटारीच्या चाकांतील हवा त्याहून सुमारें दोन बार अधिक दाबाची. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर, अर्थात् आंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारें २०० किलोग्रॅमचा भार! पाणबुड्याची टाकी पुष्कळदां १२ लिटरांची असते. बॉइलनें १६६२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें तींत बाहेरची सुमारें २४०० लिटर हवा कोंबलेली असते. नुसत्या त्या हवेचें वजनच जवळजवळ तीन किलोग्रॅम भरेल. ही हवा एकदम सुटली, तर कित्येक टनांचें ओझें एक मीटर वर उचलण्याइतकी शक्ति तिच्यांत असते. पाणी दाबलें तरी फारसें आकसत नाहीं, म्हणून तें अशी शक्ति सांठवीत नाहीं. टाक्यांची परीक्षा पाणी भरून घेतात ती याच कारणानें. परीक्षेंत टाकी फाटलीच, तर पाणी सांडतें, माणूस वांचतो.

हवेची बंदूक ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें जिरार्दोनी नांवाच्या कारागिराची हवेची रायफल स्वीकारली होती. तिचा दस्ता हेंच हवेचें भांडें असे, आणि तें भरण्यास हातपंपाचे सुमारें दीड हजार दट्टे मारावे लागत. पुढें १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्याँ यांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें सुटसुटीत यंत्र सिद्ध केलें. त्यामुळें पाणबुड्यांच्या टाक्या जगभर पसरल्या, आणि नेमबाजांनाही हवेचा आयता सांठा मिळाला. आपल्याकडे मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर या टाक्या नित्य दृष्टीस पडतात.

आतां मुख्य मुद्दा. टाकी जोडण्यापूर्वीं तींत काय भरलें आहे, हें विचारावें. बंदुकीस हवी ती स्वच्छ, कोरडी, साधी हवा. कांहीं पाणबुडे प्राणवायूचें प्रमाण वाढविलेली हवा वापरतात. ती बंदुकीस चालत नाहीं. रुग्णांसाठीं असलेलें प्राणवायूचें नळकांडें तर कधींही जोडूं नये. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हें आपण अनुभवलें आहे. दाबानें हवा तापते. उच्च दाबाची हवा एकदम आंत शिरली, तर सांध्यांतील तेलाचा अंश पेट घेण्याइतकी उष्णता निर्माण होऊं शकते, आणि प्राणवायु असेल तर लहानशा ठिणगीचा क्षणांत स्फोट होतो. याच कारणास्तव भरण्याच्या सांध्याला घरांतील यंत्राचें तेल लावूं नये; कारखानदारानें सांगितलेलें वंगणच वापरावें.

दुसरी गोष्ट आंकड्यांची. टाकी, मधली नळी, दाबमापक व बंदुकीचें नळकांडें या चौघांचीही दाबाची मर्यादा ठरलेली असते. यांत जो आंकडा सर्वांत लहान, तीच सर्वांची मर्यादा. साखळी तुटते ती तिच्या कच्च्या कडींतच. टाकी ३०० बारांची आणि बंदूक २०० बारांची असेल, तर मधली झडप पुरती उघडून दुसरीकडे पाहणें म्हणजे अनर्थास निमंत्रण होय. जर्मन प्रमाणाच्या सांध्यांत याची तजवीज मुळांतच आहे. ३०० बारांच्या झडपेचे आटे इतके खोल असतात, कीं २०० बारांचा सांधा त्यांत घट्ट बसतच नाहीं. "बसत नाहीं, तर मधें एखादा तुकडा करून बसवूं" असें म्हणणारा मनुष्य पहारेकऱ्याला घरीं पाठवून चोराला दार उघडून देतो!

आतां प्रत्यक्ष कृति. बंदुकींत गोळी नाहीं याची खात्री करावी. सांध्यावरील धूळ पुसून तो हातानें नीट बसवावा. हवा सोडण्याचा स्क्रू बंद आहे कीं नाहीं, तें पाहावें. मग टाकीची झडप अगदीं हळूहळू उघडावी, व दृष्टि दाबमापकाच्या काट्यावर ठेवावी. काटा सावकाश चढला पाहिजे. तोंड व हात सांध्याच्या सरळ रेषेंत नसावेत. मर्यादा येतांच झडप बंद करावी. त्यानंतर स्क्रू सैल करून नळींत अडकलेली हवा जाऊं द्यावी, आणि काटा शून्यावर आल्यावरच सांधा सोडवावा. दाब असतांना जोर लावून सांधा फिरविणें हा सर्वांत मोठा अविचार होय. नळकांडें निवल्यावर काटा थोडा खालीं येतो; तें स्वाभाविक आहे.

टाकी किती वेळां पुरेल, असेंही कोणी विचारतील. २०० बारांच्या १२ लिटर टाकीला, ७० बार शिल्लक असलेलें पांचवा हिस्सा लिटरचें नळकांडें जोडलें, तर दोहोंचा दाब सुमारें १९८ बारांवर स्थिर होतो. म्हणजे दर खेपेस टाकी दोनएक बारांनीं उतरते. पुढें पुढें नळकांडें पुरतें भरत नाहीं, हा दोष नव्हे, गणित आहे.

शेवटीं आयुष्याची गोष्ट. बंदुकीच्या नळकांड्यावर त्याची मुदत कोरलेली असते, बहुधा दहा वर्षांची. स्पर्धेंत मुदत तपासण्याची जबाबदारी नेमबाजावरच असते. मोठ्या टाकीच्या खांद्यावर शेवटच्या परीक्षेची तारीख असते. आपल्या देशांत या विषयास २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत, व त्यांचें काम पाहणाऱ्या खात्याचें मुख्य ठाणें आपल्या नागपुरांतच आहे. परीक्षेची मुदत टळलेली, पोचे आलेली वा आंतून गंजलेली टाकी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. भरलेलें नळकांडें उन्हांतील मोटारींत ठेवूं नये. वीस अंशांवर २०० बार असलेला दाब साठ अंशांवर २२७ होतो.

नोव्हेंबर २०२३ मध्यें दिल्लीच्या एका नेमबाजी-केंद्रावर पिस्तुलाचें नळकांडें भरतांना फुटलें, आणि एका कसलेल्या नेमबाजानें आपल्या डाव्या हाताचा आंगठा गमावला. तो नवशिका नव्हता, हें ध्यानीं घ्यावें. हवा डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तिची भीति वाटत नाहीं. परंतु नळकांड्यावर कोरलेले आंकडे दिसतात. ते दर वेळीं वाचण्यास अर्धें मिनिट लागतें. नेमबाजाला लक्ष्यासमोर जी स्थिरता लागते, तिचा अभ्यास हवा भरतांनाच सुरू व्हावा, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.