हवेची सतरा पोती

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की आई ओरडायची. तरी आम्ही काढायचोच. तळहात आडवा धरून पुढची कड जरा वर केली की वारा हात उचलायचा आणि कड खाली केली की दाबून टाकायचा. एसटीचा वेग तो केवढा, पण त्यातही तो दाब मनगटाला स्पष्ट कळायचा. जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ‘९११ जीटी३ आरएस’ समजून घेताना मला सतत तो हात आठवत राहिला. ही अख्खी गाडीच त्या खाली कललेल्या तळहातासारखी घडवलेली आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये ती जगासमोर आली, तेव्हा तिच्या आकड्यांत एक कोडे होते. तिची साधी बहीण, म्हणजे तेव्हाची जीटी३, ५१० अश्वशक्तीची आणि ताशी ३१८ किलोमीटर धावणारी. आरएसची ताकद ५२५ अश्वशक्ती, किंमत कितीतरी जास्त, त्या वेळी जर्मनीत २ लाख २९ हजार ५१७ युरो. आणि तिचा कमाल वेग मात्र ताशी २९६ किलोमीटर! ताकद वाढली आणि वेग २२ किलोमीटरने घटला. मग दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, शर्यतपटू यॉर्ग बेर्गमायस्टर याने ती जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या वाटेवर नेली आणि २०.८३२ किलोमीटरची फेरी ६ मिनिटे ४९.३२८ सेकंदांत पुरी केली. जीटी३ला त्याच फेरीला ६ मिनिटे ५९.९२७ सेकंद लागले होते. कमाल वेग कमी असलेली गाडी साडेदहा सेकंद आधी पोहोचली.

न्युर्बुर्गरिंगची जुनी वाट, नॉर्डश्लायफं, म्हणजे आयफेलच्या डोंगरांतला एक घाटच. १९२७ साली खुला झालेला, जंगलातून वर चढणारा, धाडकन उतरणारा आणि सत्तरावर वळणांचा. शर्यतपटू जॅकी स्टुअर्टने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटले आणि १९७६ साली शर्यतपटू निकी लाउडा तिथेच जळत्या गाडीत अडकला. त्यानंतर फॉर्म्युला वनने या वाटेकडे पाठ फिरवली. पण ठरलेल्या दिवशी, पैसे भरून, कोणीही सामान्य माणूस आपली गाडी घेऊन आजही तिथे उतरू शकतो. बेर्गमायस्टरच्या फेरीचा सरासरी वेग काढला तर तो ताशी १८३ किलोमीटर येतो. कोड्याची उकल इथे आहे. अशा वाटेवर सरळ रस्त्यावर कमावलेल्या वेगापेक्षा वळणात न गमावलेला वेग मोलाचा.

वळणात गाडीला धरून ठेवतात ते चार टायर. टायर रस्त्यावर जितके दाबले जातील तितकी पकड वाढते. मग गाडीत पोती भरावीत का? त्याने काम बिघडेल, कारण वळणात ती पोतीही गाडीला बाहेर खेचणार आणि ब्रेक मारताना पुढे ढकलणार. हवेच्या दाबाला मात्र स्वतःचे वजन नसते. तो टायरांना खाली रेटतो, पण वळणात बाहेर ओढत नाही. ताशी २०० किलोमीटरला हवा आरएसला ४०९ किलोंच्या जोराने दाबते, म्हणजे पन्नास किलोंची आठ पोती. साध्या जीटी३च्या मानाने हे तिप्पट आहे. हा दाब साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो, त्यामुळे २८५ला तो ८६० किलोंवर पोहोचतो. सतरा पोती! गाडीचे वजन अवघे १४५० किलो असताना टायरांवर तेव्हा तेवीसशे किलोंचा भार असतो. एवढी हवा अंगावर घ्यायची तर ती कापत पुढे जायलाही जोर लागणारच. कमाल वेगातले ते २२ किलोमीटर बहुतांशी त्या पोत्यांचे भाडे आहे.

मागचा पंख पाहिला की हे डोळ्यांना पटते. त्याची वरची कड गाडीच्या छतापेक्षाही उंच आहे. रस्त्यावर चालवायच्या पोर्शेला असा पंख आधी कधी नव्हता. त्याला धरणारे दोन खांब खालून टेकू देत नाहीत, ते हंसाच्या मानेसारखे वळून वरून पकडतात. कारण पंखाचे खरे काम त्याची खालची बाजू करते. तिथून हवा वेगाने सरकते, दाब उतरतो आणि पंख खाली ओढला जातो. तिथे खांब आडवा आला की प्रवाह विस्कटलाच. पंखाचा वरचा भाग हलता आहे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचे बटण दाबले की तो आडवा होतो आणि वाऱ्याला वाट देतो, ही फॉर्म्युला वनची युक्ती. जोराचा ब्रेक मारला की उलट तो उभा राहतो, आणि हवाच ब्रेकला हात देते.

तरीही माझ्या मते या गाडीतला सगळ्यात धाडसी निर्णय रेडिएटरचा आहे. इतर ९११ना पुढे बॉनेटखाली सामानाची जागा असते, कारण इंजिन मागे. जीटी३ आरएसमध्ये त्या जागी एकच मोठा, तिरका बसवलेला रेडिएटर आहे. ल माँच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकलेल्या ९११ आरएसआरची ही रचना. त्यामुळे पुढच्या दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या आणि तिथे दाब कमी-जास्त करणारी हलती पाती बसवता आली. तापलेली हवा बॉनेटवरच्या दोन नाकपुड्यांतून बाहेर पडते. पण ती तशीच छतावरून मागे गेली तर इंजिन नेमकी तीच ओढणार, आणि गरम हवा विरळ असते. म्हणून छतावर छोट्या कडा उभारल्या आहेत. त्या गरम हवेला दोन्ही बाजूंना सारतात आणि इंजिनाला थंड हवा मिळते. पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यासुद्धा थेंबाच्या आकाराच्या केल्या आहेत, त्यातून कमाल वेगाला सुमारे चाळीस किलो दाब मिळतो. एका बॅगेची जागा देऊन इतके सगळे मिळवले. ज्या माणसाने हे आधी मनात जुळवले असेल त्याचा मला हेवा वाटतो.

इंजिन चार लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बोशिवायचे. मिनिटाला नऊ हजार फेरे, म्हणजे सेकंदाला दीडशे. टर्बो लावून ताकद वाढवणे सोपे होते, पण पायाचा दाब आणि इंजिनाचा प्रतिसाद यांत मग किंचित अंतर पडते, आणि वळणाच्या मधोमध ते परवडत नाही.

हवेची ही ओढ पोर्शेला नवी नाही. १९६३च्या पहिल्या ९११पासून इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. वेग वाढला की मागची बाजू हलकी व्हायची आणि चालकाच्या पोटात गोळा यायचा. १९७२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात कंपनीने ‘कॅरेरा आरएस २.७’ मांडली. तिच्या मागे बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड होती, मागचा भाग उचलला जाऊ नये म्हणून. शर्यतीला पात्र ठरायला ५०० गाड्या बनवणे भाग होते, शेवटी १५८० बनवाव्या लागल्या. आजचा उंच पंख त्या शेपटीचाच वंशज.

चालकाच्या हाती चार गोल खटके दिले आहेत, तेही स्टिअरिंगवरच. त्यांनी शॉकॲब्सॉर्बर दबताना किती कडक हवा ते ठरते, उसळताना किती तेही. चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल आणि घसरताना सावरणारी यंत्रणाही त्यांनीच जुळवता येते. पूर्वी शॉकॲब्सॉर्बरचा कडकपणा बदलायला पिटमध्ये थांबून पाना घ्यावा लागे.

या गाडीला नंबरप्लेट लागते, ती पेट्रोल पंपावर जाते, सिग्नलला थांबते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ताशी शंभर किलोमीटरच्या मर्यादेत हिशेबाने फार तर दोनच पोती तिच्या अंगावर चढतील. आपल्याकडे उरलेली पंधरा शर्यतीच्या वाटेवरच भेटतात.

जानेवारी २०२५ मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या शेजारीच ठाण मांडून असलेल्या मान्थाय या संघाने या गाडीसाठी जादा पात्यांचा आणि बदललेल्या सस्पेन्शनचा संच आणला. इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढवली नाही. २८५ला दाब हजार किलोंच्या पुढे गेला, वीस पोती. पुन्हा बेर्गमायस्टरच बसला, तीच वाट, आणि घड्याळ थांबले ६ मिनिटे ४५.३८९ सेकंदांवर.