आधी कोणाला न्यायचे?



आंबेगाव तालुक्यातील माळीण हे नाव तुम्हांला सांगायला नको. ३० जुलै १९१४ नव्हे, अगदी परवाची, २०१४ सालची गोष्ट. सकाळच्या वेळी डोंगर खचून गावावर आला आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही ही वार्ता एस. टी.च्या चालकाने बाहेर आणली. तिथे पळायला कोणालाच उसंत मिळाली नाही, धडधाकटालाही नाही. म्हणून पहिला धडा असा, की डोंगर हलल्यावर निघून भागत नाही. आधी निघायला हवे.

आता आपल्या वाडीचा हिशेब करा. धडधाकट माणूस हाक ऐकताच दहा मिनिटांत शाळेत पोचेल. पण अंथरुणाला खिळलेल्या आजीला बाजेवर न्यायचे, तर चार गडी लागतात. चिखलाची पायवाट, वर पाऊस. अर्धा तास सहज जातो. म्हणजे जो सावकाश चालतो, त्याने सर्वांच्या आधी निघायचे. आपण मात्र नेमके उलटे करतो. गुरे सोडतो, धान्य उचलतो आणि म्हाताऱ्याला म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा, मागून नेतो." ते 'मागून' पुष्कळदा येतच नाही.

यावर उपाय साधा आहे. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी गुरुजींनी, आशाताईंनी आणि ग्रामसेवकांनी मिळून एक यादी करावी. कोणाला चालता येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोण बाळंतपणाला टेकली आहे, कोणाचे औषध एक दिवसही चुकून चालत नाही, हे लिहावे. प्रत्येक नावापुढे शेजारची दोन माणसे नेमावीत. दोन अशासाठी, की एक बाजाराला गेला तर दुसरा असतो. अपंगांची अशी नोंद ठेवणे हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे कामच आहे. २०१६ च्या कायद्यात तसे लिहिले आहे. तेव्हा आपली यादी तहसील कचेरीत अवश्य द्या. यादीत नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारा. त्याची सोय त्यालाच नीट ठाऊक असते.

बहिऱ्याला दवंडी ऐकू येत नाही. त्याच्या घरी जाऊन बॅटरीचा उजेड दाखवा, खांद्याला हात लावा. आंधळ्याला ओढू नका. त्याला तुमचे कोपर धरू द्या.

निवाऱ्याची शाळा उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याकाठी नसावी. दाराला पायऱ्या असतील तर फळ्यांचा पक्का उतार करा. संडास जवळ हवा. नाहीतर म्हातारी माणसे जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि आजारी पडतात.

औषधांचे म्हणाल, तर फिट्सच्या, क्षयाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मेणकापडात बांधून दाराजवळ खुंटीला ठेवा. इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून ओल्या मडक्यात ठेवली तर वीज नसतानाही काही दिवस टिकते.

काहींना मात्र शाळेचा निवारा पुरत नाही. डायलिसिसच्या यंत्राला वीज आणि पुष्कळ स्वच्छ पाणी लागते. असा रोगी, प्राणवायूवर असलेला रोगी आणि दिवस भरत आलेली बाई यांना अतिवृष्टीचा इशारा मिळताच, रस्ता चालू असतानाच, घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरकडे नातलगांकडे किंवा दवाखान्याजवळ हलवावे. १०८ ची गाडीसुद्धा दरड पडलेल्या रस्त्यावरून येऊ शकत नाही.

उताराला नवी भेग दिसली, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर हुकमाची वाट पाहू नका. दिवसाउजेडी निघा.

आणि गुरुजी, शाळेत एकदा रंगीत तालीम घ्याच. मुलांना विचारा, "तुमच्या घरात आधी कोणाला न्यायचे?" उत्तर मुलाला आले, म्हणजे घराला आले.